रुसवा काढणारे साडू

कंपनी कशी चालवावी हे अवघ्या पृथ्वीतलावर एकाच माणसाला कळलेलं आहे आणि तो माणूस म्हणजे आमचे थोरले साडू. हे माझं मत नाही, त्यांचं आहे. पण इतकी वर्षं ते इतक्या ठामपणे सांगत आले की आता मलाही ते खोडून काढायचा कंटाळा येतो. माझं वरवंडला हमरस्त्यालगत हार्डवेअरचं दुकान. साडू शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे, आणि रांजणगावच्या एमआयडीसीत मोटारींचे आरसे बनवणाऱ्या एका कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, एवढाच काय तो संबंध. पण दर रविवारी साडू न्हावऱ्याच्या रस्त्यानं मोटरसायकल हाणत माझ्या दुकानात यायचे, रंगाच्या डब्यावर बैठक मारायचे आणि मला लीडरशिप शिकवायचे. माझ्या हाताखाली एकही माणूस नाही, हे मी त्यांना कितीदा तरी सांगून पाहिलं. "म्हणून तर आत्ता शिका," ते म्हणायचे, "माणसं आल्यावर शिकायला टाइम कुठं घावतोय?" मग मी गिऱ्हाइकाला खिळे मोजून देता देता शिकत असे.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं: कंपनी म्हंजी भावकी. पगारासाठी माणूस गेटच्या आत येतो, पण आत आल्यावर काम करतो ते मानासाठी. आणि मान कमी पडला की माणूस रुसतो. आणि रुसलेल्या माणसाच्या हातून सरळ आरसासुद्धा वाकडा निघतो. म्हणून सकाळची पाळी लागली की बाकीचे मॅनेजर मशीनवरचे आकडे बघत, आमचे साडू तोंडं बघत फिरायचे. कोण डबा खायला वेगळा बसतोय, कोणाचा रामराम आज अर्ध्यातच तुटला, कोण विचारलं तेवढंच बोलतोय, सगळं त्यांच्या ध्यानात. आणि कोणी नेहमीपेक्षा जास्त काम करताना दिसला, की हा नक्की रागानं राबतोय, असं ते धरून चालायचे. एकदा घोडनदीचा एक ऑपरेटर दोन माणसांचं काम एकटा करू लागला. मॅनेजर लोक खूष, त्याचा फोटो भिंतीवर लावायची भाषा सुरू झाली. साडूंनी मात्र त्याचं मशीन बंद करायला लावलं, त्याला कॅन्टीनला नेलं आणि चहा पुढ्यात ठेवून विचारलं, "बोल, काय चुकलं आमचं?" तो गडी आधी न्हाई न्हाई म्हणाला आणि मग ढसाढसा रडला. कुणाला तरी मुलगा झाला म्हणून अख्ख्या खात्यात पेढे वाटले होते आणि हा नेमका हात धुवायला गेला होता. साडूंनी शिरूरहून एक किलो पेढे मागवले. दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्यांसारखं बेताचं काम करू लागला आणि साडूंना रात्री झोप लागली.

कंपनी त्यांना वरचेवर ट्रेनिंगलाही पाठवायची आणि तिथून आणलेली विद्या ते आधी आमच्यावर चालवून बघायचे. एका ट्रेनिंगात त्यांना शिकवलं, की माणसाची चूक सांगायची तर ती दोन कौतुकांच्या मध्ये घालून सांगावी. त्या रविवारी आमच्याकडे जेवताना ते माझ्या बायकोला म्हणाले, "मेव्हणीबाई, भाकरी एक नंबर. आमटीत मीठ अंमळ जास्त पडलंय. पण ताटं मात्र लई स्वच्छ!" भाकरीचं कौतुक बायको त्याच दिवशी विसरली, ताटाचंही विसरली. मिठाचं अजून विसरलेली नाही. मी साडूंना म्हणालो, "तुमचा प्रयोग फसला." तर म्हणाले, "फसला कसा? रुसली म्हंजी आपली हाय. परक्याच्या आमटीवर कोण बोललं तर कोणी रुसतं का?" आणि पुढच्या रविवारी तिच्यासाठी गजरा घेऊन हजर झाले. माझ्या आठवणीत आमच्या घरात तो पहिलाच गजरा, आणि तोही साडूंनी आणलेला, त्यामुळे मग मला वेगळंच ऐकून घ्यावं लागलं.

पण साडूंचा खरा पराक्रम म्हणजे रोबोटचा गृहप्रवेश. कंपनीत आरशाला काच बसवणारा एक यांत्रिक हात आला आणि माणसं बिथरली. आज हा आला, उद्या आपण घरी, अशी कुजबुज सुरू झाली. कोणी त्याच्याकडे बघेना, कोणी त्याच्या जवळून जाईना, रात्रपाळीत त्याच्या अंगावर कोणीतरी तंबाखूसुद्धा थुंकलं. मॅनेजमेंटनं पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून यंत्रयुगावर भाषण ठेवलं. ते ऐकून माणसं जास्तच बिथरली. मग साडू उठले. म्हणाले, "घरात नवी सून आली की जुनी भांडी वाजायचीच. पण सून आणली कशी? लाकडी खोक्यात घालून, मागच्या दारानं! असं असतं का कुठं?" त्यांनी त्या यंत्राला हिरवा खण गुंडाळला, हळदीकुंकू वाहिलं, पुढं तांदळाचं माप ठेवलं आणि ते हळूच ओलांडायचा प्रोग्राम इंजिनिअरकडून लिहून घेतला. इंजिनिअरचा अंदाज जरा चुकला. सुनेनं माप असं भिरकावलं की तांदूळ पार पेंट शॉपपर्यंत गेले आणि मापटं जनरल मॅनेजरांच्या पोटावर बसलं. सगळं खातं हसून हसून लोळलं. "जोराची हाय," एक जुना फिटर म्हणाला, "सासूला वळणावर आणणार." त्या दिवसापासून माणसं तिला सूनबाई म्हणू लागली, आणि ती बंद पडली की हातातलं काम टाकून बघायला धावू लागली.

अशा या माणसाच्या राज्यात मागल्या वर्षी जग बदललं. मोटारींचे आरसे जाणार आणि त्यांच्या जागी कॅमेरे येणार, असं ठरलं. कुठं ठरलं, कोणी ठरवलं, हे साडूंनाही सांगता येईना. पण आरसेच गेले तर आरशाची कंपनी कशाला राहील, हे सगळ्यांना कळत होतं. कॅमेऱ्याची नवी लाइन टाकायची तर ती रांजणगावला टाकावी की दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात न्यावी, हे बघायला बंगळूरच्या हेड ऑफिसातून एक तरुण मॅडम आल्या. त्यांना एवढंच बघायचं होतं, की इथली माणसं नवं काम शिकायला राजी आहेत का. त्यांनी मोबाइलच्या अ‍ॅपवर सगळ्या कामगारांना निरोप धाडला: शनिवारी सभा, सर्वांनी यावं, मोकळेपणानं बोलावं. निरोप सगळ्यांनी वाचला. वाचल्याची खूणही सगळ्यांच्या नावापुढे उमटली. शनिवारी मॅडम मांडवात उभ्या राहिल्या, समोर खुर्च्या, बाजूला समोशांची पातेली, आणि माणूस एकही नाही. दारातून एक कुत्रं तेवढं येऊन गेलं.

मॅडमनी त्याचा अर्थ लावला, की माणसांना बदल नको आहे. हेड ऑफिसालाही तेच पटलं. साडू कळवळून म्हणाले, "मॅडम, बुलाया किधर? मोबाइल पे आया तो वो खबर हुई, बुलावा नहीं हुआ." मॅडमना काही ते उमजेना. पण बाई मनानं चांगल्या होत्या. त्यांनी आणखी एक शनिवार दिला. तेव्हाही माणसं आली नाहीत, तर लाइन दुसरीकडे जाईल, आरसे हळूहळू बंद होतील, आणि सगळ्यांना आपापली वाट धरावी लागेल, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्या रविवारी साडू दुकानात आले ते रंगाच्या डब्यावर बसलेच नाहीत. "पाव्हणं, दुकान बंद करा," म्हणाले, "अक्षता द्यायला जायाचंय."

आमच्याकडे लग्नाची पत्रिका कितीही सोनेरी छापा, घरी येऊन कोणी हातावर अक्षता ठेवल्या नाहीत तर ते आमंत्रण नव्हे. पत्रिका पोचली, अक्षता पोचल्या नाहीत, एवढ्यावरून तीन पिढ्या एकमेकांच्या मांडवात न गेलेली घरं मला माहीत आहेत. तेव्हा साडू कंपनीच्या सभेच्या अक्षता घेऊन निघाले. सबंध आठवडाभर, संध्याकाळ झाली की मी मागे बसून मांडीवर पिवळ्या तांदळाचा डबा धरायचा आणि साडूंनी गाडी चालवायची. दारात गेलं की आधी पाणी, मग चहा, मग पावसापाण्याच्या गोष्टी. सभेचं नाव शेवटी, उठता उठता काढायचं. "शनवारी या बरं का समद्यांनी." समोरचा म्हणायचा, "बघू, जमलं तर." बाहेर येऊन साडू खुशीत सांगायचे, "आला! जमलं तर म्हणतोय म्हंजी कपडं धुवायला टाकलं त्यानं." दौंडकडच्या एका धनगराच्या घरी म्हाताऱ्या आजोबांनी अक्षता हातात घेऊन विचारलं, "लगीन कुणाचं?" साडू म्हणाले, "आबा, कंपनीचं. क्यामेऱ्याशी." आबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "पोरगी चांगल्या घरची हाय ना?" साडूंनी लई चांगल्या घरची म्हणून शब्द दिला. रांजणगावात खोल्या करून राहणारी बिहारकडची पोरं तर आम्ही गल्लीत शिरण्याआधीच दारात उभी होती. त्यांतला एक जण तोंड पाडून म्हणाला, "साब, पिछली बार हमको किसीने पूछा नहीं. हम भी रूठे थे." साडूंनी त्याला मिठीच मारली. परमुलखातून आलेला माणूस रुसायला लागला, यापुढे आणखी काय पाहिजे, असं ते परत येताना पुन्हा पुन्हा म्हणत होते.

शनिवार उजाडला. साडूंनी मलाही बोलावलं होतं, अर्थात अक्षता देऊन. मांडव भरत चालला. इस्त्रीचे शर्ट, टोप्या, गजरे, काहींनी तर पोरंबाळंसुद्धा आणली होती. मॅडम थक्क होऊन बघत होत्या. साडू फेटा बांधून दारात उभे, प्रत्येकाला हाताला धरून बसवत होते. आणि मग मधल्या रांगा तशाच रिकाम्या राहिल्या. पेंट शॉपचा, म्हणजे रंगकाम खात्याचा, एकही माणूस आलेला नव्हता. पेंट शॉपचा फोरमन म्हणजे साडूंचा सख्खा धाकटा भाऊ बबन. कामगार त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. साडूंनी हळूच मला विचारलं, "पाव्हणं, बबनला अक्षता कुणी दिल्या?" मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे. घरचाच माणूस, त्याला काय बोलवायचं, म्हणून आम्ही गावोगाव हिंडलो आणि त्याच्या दारावरून पुढे गेलो होतो. जन्मभर दुसऱ्यांचे रुसवे हुंगत फिरलेल्या माणसाला घरचा रुसवा दिसला नव्हता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतनं कोणीतरी म्हणालं, "बबनदादा न्हाई तर सुरुवात कशी करायची?" आणि मागच्यांनी माना डोलावल्या. मॅडम घड्याळ बघत होत्या. साडूंनी त्यांना हात जोडले, "बस, अभी आया," एवढंच म्हणाले आणि कंपनीची बस काढायला लावून फेट्यासकट बबनच्या घरी निघाले. मीही चढलो. रांजणगाव ते कवठे ही काही हाकेच्या अंतरावरची गावं नाहीत. सबंध रस्ता साडू बसच्या काचेला डोकं टेकून बसले होते. मला लीडरशिपमधलं एक अक्षरही सांगितलं नाही. मला ते सहन होईना.

बबनच्या अंगणात गेलो आणि बघतो तो काय, सगळं पेंट शॉप तिथं जमलेलं. पांढरेशुभ्र कपडे, पायात बूट, केसांना तेल. बबन ओट्यावर बसलेला, कडक इस्त्री, खिशाला पेन. सकाळपासून तयार होऊन ही माणसं रुसून बसली होती. साडूंनी घसा खाकरला आणि त्यांच्या तोंडून ट्रेनिंगच बाहेर पडलं. "बबन, तुझं काम एक नंबर. आज जरा चुकलास. पण तुझी टीम—"

"हे कंपनीत बोला," बबन म्हणाला. "इथं दादा म्हणून आलाय का साहेब म्हणून, ते आधी सांगा. समद्या तालुक्यात अक्षता वाटल्या. बिहारच्या पोरांच्या खोलीत जाऊन चहा पिलात. माझ्या दारावरनं गाडी गेली तवा पोरगं म्हणालं, मोठं बाबा आलं. मी उठून सदरा घातला. गाडी थांबलीच न्हाई."

साडूंनी डोक्यावरचा फेटा काढला, ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "चुकलं रं माझं. तू घरचा, म्हणून तुला गृहीत धरलं. लाइन जाऊ दे, कंपनी जाऊ दे. तू न्हाई आलास तर मी त्या मांडवात कुणाच्या जिवावर उभा राहू?" माझ्या हातात डबा तसाच होता. तळाशी थोडे तांदूळ उरलेले. मी तो पुढे केला. साडूंनी ते भावाच्या हातावर ठेवले. बबननं मूठ मिटली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "बघू. जमलं तर." ते ऐकल्याबरोबर अख्खं पेंट शॉप उठून बसकडे पळालं. चहा मात्र घ्यावाच लागला, त्याला इलाज नव्हता.

परत येईतो दुपार कलली होती. मांडवातली माणसं जागची हलली नव्हती, कुणी समोशाला हात लावला नव्हता. पण मॅडम मांडवात नव्हत्या. केबिनचं दार लावून बसल्या होत्या, जेवायचं विचारलं तर भूक नाही म्हणाल्या, काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाल्या. अभी आया म्हणून गेले, तुम्हीही चला असं मला कोणी म्हटलंसुद्धा नाही, एवढंच एकदा दाराआडून बोलल्या. मी घाबरलो. वाटलं, गेली लाइन. साडूंचा चेहरा मात्र उजळला. "पाव्हणं," ते माझ्या कानात कुजबुजले, "बाई रुसल्या! आता त्या आपल्या झाल्या." त्यांनी असेंब्लीतल्या बायकांना खण-नारळ देऊन पुढे घातलं. बायकांनी दार वाजवलं, ओटी भरली, हाताला धरून मॅडमना मांडवात आणलं आणि बबनच्या शेजारी बसवलं. मॅडमनी डोळे पुसले आणि नवं काम शिकायला कोण कोण तयार आहे, असं हिंदीत विचारलं. हात इतके वर झाले की मागे उभ्या असलेल्या मला पुढचं काही दिसेना. त्यांत एक हात धनगराच्या आबांचाही होता. ते लग्नाला म्हणून आले होते.

लाइन रांजणगावलाच राहिली. कॅमेरे निघतात आता तिथून, आणि पेंट शॉपची पोरंही ते जोडायला शिकली. पण हेड ऑफिसला एवढ्यावर समाधान नव्हतं. हा कोण माणूस आहे, त्यानं हे केलं कसं, अशी तिकडे चौकशी झाली आणि साडूंना बढती देऊन बंगळूरला नेलं. सगळ्या कारखान्यांना लीडरशिप शिकवायला. गावानं वेशीत फ्लेक्स लावला, त्यावर साडूंचा फेट्यातला फोटो आणि बबनचा जरा मोठा. साडू निघाले त्या दिवशी माझ्या बायकोनं आमटी केली होती, मुद्दाम अळणी. त्यांनी मागून मागून खाल्ली.

आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. परवाही आला. आवाज बारीक होता. ऑफिस काचेचं आहे म्हणाले, निम्मी माणसं घरूनच काम करतात, पडद्यावर चौकोनात दिसतात. सगळे गोड बोलतात. "पाव्हणं, हितं कुणी रुसतच न्हाई हो. काल एक पोरगा नोकरी सोडून गेला. चांगला पोरगा. मी म्हणलं, काय चुकलं आमचं? तर म्हणाला, सर, काहीच नाही. आन् हसला. मला दिवसभर जेवण गेलं न्हाई." दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. त्याला मी हातानंच थांब म्हणून सांगितलं. माझी नजर साडूंच्या बसायच्या रंगाच्या डब्याकडे गेली.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "मी रुसलोय तुमच्यावर."

"खरंच?"

"व्हय. तुमची मेव्हणीपण रुसलीय."

"लई?" त्यांनी विचारलं. त्या एका शब्दात रांजणगावचे साडू पुन्हा जसेच्या तसे उभे राहिले.

"लई," मी म्हणालो.

"मग यावंच लागंल," साडू म्हणाले, आणि सुट्टीचं विचारायला त्यांनी घाईघाईनं फोन ठेवला.